संध्याकाळची फायनल

लक्झेंबर्ग शहराच्या किर्शबर्ग पठारावर, युरोपीय संघाच्या काचेच्या कचेऱ्यांच्या शेजारी, शिंपले पालथे घालून ठेवावेत तशा छताचे एक राष्ट्रीय क्रीडासंकुल आहे. कवच या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून सगळे त्याला ‘कोक’ म्हणतात. नोकरीनिमित्त त्या शहरात राहायला गेल्यापासून आठवड्यातून तीन सकाळी तिथल्या पन्नास मीटरच्या तलावात पोहायचे, हा माझा नेम होता. २०१३ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अशीच पिशवी खांद्याला लावून गेले, तर दारावर कागद चिकटवलेला होता: स्पर्धेमुळे आठवडाभर तलाव सर्वांसाठी बंद. मी थोडी खट्टू होऊन परत निघाले, तेवढ्यात आतून शिट्टी ऐकू आली आणि तिच्यामागोमाग माणसांचा एकदम उसळलेला आवाज. ज्याने कधीकाळी शर्यतीत पोहून पाहिले आहे त्याला तो आवाज ओळखावा लागत नाही, तो थेट पोटात उतरतो. त्या संध्याकाळी मी परत गेले, आणि त्यानंतरच्या दोन संध्याकाळीही.

त्या होत्या युरोपातील लहान राष्ट्रांच्या क्रीडास्पर्धा. १९८५ साली सान मारिनोमध्ये त्यांची सुरुवात झाली आणि तेव्हापासून विषम वर्षी, मे-जूनच्या सुमारास, त्या पाळीपाळीने या देशांपैकी एकात भरतात. अट साधी आहे: देशाला स्वतःची मान्यताप्राप्त ऑलिंपिक समिती असावी आणि लोकसंख्या दहा लाखांच्या आत असावी. सुरुवातीला अँडोरा, आइसलँड, लक्झेंबर्ग, लिख्टेनश्टाइन, माल्टा, मोनॅको, सान मारिनो आणि सायप्रस असे आठ देश होते. २००६ मध्ये स्वतंत्र झालेला माँटेनेग्रो २००९ मध्ये नववा सदस्य झाला. लोकसंख्येचे आकडे नुसते वाचून माणसाला काही वाटत नाही, म्हणून मी ते आपल्या गावांवर बसवून पाहते. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती. मोनॅको आणि लिख्टेनश्टाइन हे देश साधारण तेवढेच आहेत आणि सान मारिनो तर त्याहूनही लहान. माझे रत्नागिरी शहर त्याच जनगणनेत शहात्तर हजारांचे होते, म्हणजे जवळजवळ अँडोराएवढे. आता असे समजा, की रत्नागिरी शहराने आपला स्वतःचा जलतरण संघ उभा करायचा आहे, चारही प्रकारांत पोहणारी मुले-मुली, रिलेसाठी चौघे चौघे, प्रशिक्षक, डॉक्टर, आणि तो संघ दर दोन वर्षांनी परदेशात न्यायचा आहे. त्या गॅलरीत बसल्या बसल्या मी हाच विचार करत होते आणि समोर चाललेल्या प्रत्येक शर्यतीकडे त्या नजरेने बघताना अंगावर काटा येत होता.

मी पोहायला शिकले ते आजोळच्या विहिरीत, पाठीला पांगऱ्याचा बिंडा बांधून. मामाने वरून ढकलले आणि मग स्वतः उडी मारून खाली वाट पाहत थांबला, एवढेच माझे प्रशिक्षण. पुढे शाळेसाठी पुण्याला आत्याकडे राहायला गेले, तिथे टँकवर जाऊ लागले आणि का कोण जाणे बटरफ्लाय मला जमू लागला. त्या वयाच्या मुली त्या प्रकाराच्या वाटेला फारशा जात नसत, त्यामुळे जिल्ह्यात पहिली येणे अवघड गेले नाही. चौदाव्या वर्षी राज्य स्पर्धेला गेले. शंभर मीटरची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, सकाळी साडेसातला होती. निकाल एका काळ्या फळ्यावर खडूने लिहीत होते आणि पुढची हीट आली की ओल्या फडक्याने पुसत होते. मी धावत फळ्यापाशी पोचले तेव्हा माझे नाव अर्धे पुसलेले होते. आडनाव गेले होते, वेळ शिल्लक होती. मी तेरावी आले होते, फायनलला आठ जणी जाणार होत्या. सर म्हणाले, “चल, कपडे बदल, अकराची गाडी मिळते का बघू.” त्यांचे काही चुकले नाही, राहण्याचा खर्च त्यांच्याच खिशातून चालला होता. पण संध्याकाळी त्या तलावावर दिवे लागल्यावर पाणी कसे दिसते, ते मी पाहिले नाही. पुढेही कधी राज्य स्पर्धेच्या संध्याकाळपर्यंत मी टिकले नाही आणि अकरावीत पोहणे सुटले.

जलतरणाच्या मोठ्या स्पर्धांचा दिवस दोन तुकड्यांत विभागलेला असतो, हे पोहणाऱ्याला जितके खोलवर ठाऊक असते तितके बघणाऱ्याला नसते. सकाळी हीट, म्हणजे चाळणी. जवळजवळ रिकाम्या खुर्च्या, भराभर उरकल्या जाणाऱ्या शर्यती, आणि सर्वांत धिम्या वेळांचे खेळाडू सर्वांत आधी. संध्याकाळी फायनल. तिथे आठ जण ओळीने आत येतात, प्रत्येकाचे नाव आणि देश पुकारला जातो, तो हात वर करतो, लोक टाळ्या वाजवतात आणि मग शांतता पसरते. लहान देशाचा जलतरणपटू ऑलिंपिकला गेला, तर त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा फक्त सकाळ येते. चार वर्षांची मेहनत, मिनिटभराची एक शर्यत, आणि दुपारी तो प्रेक्षक. हे दुःख मोठे आहे असा गाजावाजा तो करत नाही, कारण ऑलिंपिकला जायला मिळाले हेच केवढे तरी असते. पण एखाद्या खेळात वर्षानुवर्षे राबायचे आणि त्या खेळाची संध्याकाळ कधीच बघायची नाही, ही गोष्ट माझ्या मते माणसाला आतून उपाशी ठेवते. लहान राष्ट्रांच्या या स्पर्धांचे मोल मला समजले ते इथे. सकाळी चाळणी लागते ती नऊ देशांची. त्यामुळे एरवी ज्यांना दुपारी पिशवी भरावी लागते, त्यांच्यातल्या पुष्कळ जणांना इथे संध्याकाळ मिळते.

पहिल्याच दिवशी मुलींच्या शंभर मीटर बटरफ्लायच्या फायनलमध्ये आठव्या लेनला एक मुलगी होती. तिचे नाव लिहीत नाही, देशही सांगत नाही. इतक्या लहान देशाचे नाव सांगणे म्हणजे जवळजवळ माणसाचेच नाव सांगणे होते. वयाने सोळा-सतराची असेल. फायनलमध्ये सर्वांत वेगवान खेळाडू चौथ्या लेनला, मग पाचव्या, तिसऱ्या, असे करत शेवटी पात्र ठरलेला आठव्या लेनला जातो, म्हणजे ती सकाळी आठवी आली होती. बाकीच्या सात जणी अंग सैल करत होत्या, दंडावर थापट्या मारत होत्या, कोणी स्टार्टिंग ब्लॉक टॉवेलने पुसत होती. ही मात्र टोपीच्या कडेखाली दोन्ही अंगठे घालून ती पुन्हा पुन्हा खाली ओढत होती, कानांपर्यंत, जणू ती निसटेल अशी भीती तिला वाटत असावी. तिचे नाव पुकारले गेले तेव्हा हात वर करायचा हे ती विसरली. शेजारच्या लेनमधल्या मुलीने हसून तिच्याकडे पाहिले, तेव्हा कुठे तिचा हात वर गेला, आणि गेला तो जरा जास्तच उंच. माझ्या दोन रांगा पुढे बसलेला एक मनुष्य उभा राहिला आणि उभाच राहिला. तो तिचा बाप होता.

शर्यतीबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. पहिले पन्नास मीटर ती छान गेली, सातवीच्या बरोबरीने. बटरफ्लायची खरी परीक्षा परतीच्या पन्नासात असते. खांदे जड होतात, कंबर खाली जाऊ लागते, हात पाण्याबाहेर पूर्ण येईनासे होतात आणि प्रत्येक झेपेला वाटते की आता पाणी घट्ट झाले आहे. त्यातून कडेच्या लेनमध्ये भिंतीवर आपटून परतलेल्या लाटा अंगावर येतात. शेवटच्या पंधरा मीटरांत तिची कंबर खाली गेली. मला माझ्या दंडांत ते जाणवले. ती आठवी आली, सातवीच्या बरेच मागे. तिने भिंतीला हात लावला, गॉगल कपाळावर चढवला आणि मागे वळून फलकाकडे पाहिले. त्या मोठ्या फलकावर आठ ओळी होत्या, आठवी तिची होती आणि तिथून ती कोणी पुसत नव्हते.

या स्पर्धांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि त्या संध्याकाळी माझ्या शेजारी बसलेल्या, एरवी अत्यंत सज्जन अशा माझ्या सहकाऱ्यानेही तो घेतला. जर्मनी नाही, इटली नाही, हंगेरी नाही, मग या सुवर्णपदकाला अर्थ काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. पण पोहणे हा असा खेळ आहे की त्यात समोर कोण आहे यावर सगळे अवलंबून नसते. पन्नास मीटर इथेही पन्नास मीटरच असतात आणि स्पर्शपट्टीला जोडलेले घड्याळ कोणाचा देश केवढा आहे ते विचारत नाही. इथे सुवर्ण घेऊन जाणाऱ्याला आपली वेळ जगात कुठे बसते ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत ठाऊक असते, त्यामुळे फसवणूक कुणाचीच होत नाही. मिळते ते वेगळेच काहीतरी: फायनल कशी पोहायची याचा सराव. दुपारी झोप लागत नाही तेव्हा काय करायचे, सकाळी जीव तोडायचा की थोडा राखून ठेवायचा, दहा हजार डोळे असोत की दोनशे, नाव पुकारल्यावर छातीत जे धडधडते त्याचे काय करायचे, हे सगळे फायनल पोहूनच कळते. ज्याला ती कधी मिळतच नाही, त्याने ते शिकावे कुठे?

आइसलँडकडे पाहावे. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या देशाचा ओर्न आर्नारसन दोनशे मीटर बॅकस्ट्रोकमध्ये चौथा आला. देशाची लोकसंख्या तेव्हा तीन लाखही नव्हती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ह्राफ्नहिल्दुर लुथर्सदोत्तिर शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या फायनलमध्ये सहावी आली आणि एग्लो ओस्क गुस्ताव्हसदोत्तिर दोनशे मीटर बॅकस्ट्रोकच्या फायनलमध्ये पोहली. ही तिघेही लहान राष्ट्रांच्या स्पर्धांमध्ये पोहलेली माणसे. केवळ या स्पर्धांमुळे ती ऑलिंपिकच्या फायनलपर्यंत पोचली असे मी म्हणणार नाही, ते खोटे होईल. आइसलँडमध्ये जमिनीखालचे गरम पाणी फुकटासारखे मिळते, लहानशा वस्तीतही उघड्यावरचा ऊबदार तलाव असतो आणि शाळेत प्रत्येक मुलाला पोहणे शिकावेच लागते. त्यामागे एक जुने दुःख आहे. तो मासेमारी करणाऱ्यांचा देश. बर्फगार समुद्रात, पुष्कळदा किनारा दिसत असताना, पोहता न येणारी माणसे बुडाली, म्हणून त्या समाजाने पोहणे हे वाचण्या-लिहिण्याच्या पंक्तीला बसवले. शिवाय ह्राफ्नहिल्दुर अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात जाऊन शिकली आणि तिथेच तयार झाली. कारणे अनेक आहेत. पण रिओच्या त्या रात्री नाव पुकारले जाण्याआधी जी ओळ लागते, त्या ओळीत उभे राहण्याची सवय तिला आपल्या लोकांत, या स्पर्धांमध्येही लागलेली होती, एवढे मी नक्की म्हणेन.

देशागणिक तलावाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला त्या गोष्टी जमवायला आवडतात. माल्टाच्या चहूबाजूंना समुद्र आहे, तरी तिथला ताल-क्रोकचा राष्ट्रीय तलाव १९९३ च्या याच स्पर्धांसाठी उभा राहिला. म्हणजे या स्पर्धा जिथे भरतात तिथे पुष्कळदा मागे पाणी ठेवून जातात, आणि त्यात पुढची पिढी पोहते. मोनॅको उणापुरा दोन चौरस किलोमीटरचा देश. जागा इतकी कमी की समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर लुई दुसरा स्टेडियम बांधला तेव्हा फुटबॉलचे मैदान वाहनतळाच्या डोक्यावर गेले आणि पन्नास मीटरचा तलाव त्याच वास्तूच्या पोटात बसवावा लागला. त्याच तलावात २००० साली झालेल्या एका स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेची शार्लीन विट्स्टॉक दोनशे मीटर बॅकस्ट्रोक जिंकली, तिथेच तिची राजपुत्र आल्बेरशी गाठ पडली, आणि आज ती त्या देशाची ‘प्रिन्सेस’ आहे. अँडोराची राजधानी पिरेनीज पर्वतात हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे, युरोपातली सर्वांत उंच राजधानी. समुद्रसपाटीवरून तिथे पोहायला गेलेल्याची गाठ हवेशीही पडते. शेवटच्या वळणावर एक श्वास कमी पडल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या संध्याकाळी कळले, की मोजकी माणसे असलेल्या संघांचे पोहणे मोठ्या देशांपेक्षा वेगळेच असते. मोठ्या देशात ब्रेस्टस्ट्रोकवाला ब्रेस्टस्ट्रोकच पोहतो. इथे एकच माणूस सगळीकडे दिसतो. यजमान लक्झेंबर्गचा राफाएल स्ताकिओत्ती तेव्हा एकवीस वर्षांचा होता, सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला जाऊन आलेला, त्यानंतर लंडन केलेला. पुढे रिओ आणि टोकियोही त्याने केले, टोकियोत तर देशाचा ध्वज घेऊन चालला. या स्पर्धांमध्ये त्याने वर्षानुवर्षे जमवलेल्या पदकांचा ढीग मोठा आहे. मेडले, म्हणजे एकाच शर्यतीत चारही प्रकार पोहणे, हा त्याचा मुख्य प्रकार, पण त्याच्यासारख्यांना तेवढ्यावर थांबता येत नाही. एक फायनल संपवायची, बाजूच्या तलावात दहा मिनिटे संथ पोहून अंगातला ताठरपणा घालवायचा, पदक घ्यायला ट्रॅकसूट चढवायचा, राष्ट्रगीताला उभे राहायचे, ट्रॅकसूट उतरवायचा आणि पुन्हा रिलेच्या ब्लॉकवर. राष्ट्रगीत सुरू असताना ओल्या केसांतून मानेवर पाणी ओघळत असते आणि नजर मात्र पुढच्या शर्यतीच्या वेळेकडे असते, असे मी इतर कुठल्या खेळात पाहिले नाही.

राष्ट्रगीतांचेही एक सांगायला हवे. यांतले काही देश असे, की त्यांचे राष्ट्रगीत आंतरराष्ट्रीय पोहण्याच्या तलावावर दुसरीकडे कुठे वाजण्याचा प्रसंग क्वचितच येतो. लिख्टेनश्टाइनच्या राष्ट्रगीताची चाल ब्रिटनच्या राष्ट्रगीताचीच आहे, त्यामुळे नवखा प्रेक्षक क्षणभर बुचकळ्यात पडतो. सान मारिनोच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत, नुसती धून आहे. ती वाजते तेव्हा विजेत्याचे ओठ मिटलेले असतात. तरी तो गात नाही असे त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कोणी म्हणणार नाही.

आणि रिले. मला विचाराल तर लहान देशाचे खरे दर्शन मेडले रिलेत घडते. पहिला बॅकस्ट्रोक, दुसरा ब्रेस्टस्ट्रोक, तिसरा बटरफ्लाय, चौथा फ्रीस्टाइल. चार माणसे लागतात आणि ती चार वेगळ्या प्रकारांची लागतात. चाळीस हजारांच्या देशात एका पिढीत चांगला ब्रेस्टस्ट्रोकवाला जन्मालाच आला नसेल तर काय करणार? मग फ्रीस्टाइलवाला तो पल्ला उचलतो, गुडघ्यांच्या न सरावलेल्या फटकाऱ्यांनी ओढून नेतो आणि मिळवलेली आघाडी घालवून बसतो, आणि ब्लॉकवर उभे असलेले दोघे वाकून, हातवारे करून त्याला ओरडत राहतात. एका संघात मी असे पाहिले, की चौथ्या पल्ल्याला उभा राहिलेला गडी उरलेल्या तिघांपेक्षा निदान दहा वर्षांनी मोठा होता, कपाळावरचे केस मागे गेलेला. बहुधा नोकरीतून रजा टाकून आलेला. तो पाण्यात पडला तेव्हा संघ शेवटचा होता, बाहेर आला तेव्हाही शेवटचाच होता, पण तीन पोरांनी त्याला हात देऊन वर ओढले ते असे, की जणू त्याने देश वाचवला.

लहान देशाच्या जलतरणपटूची जगाला ओळख होते ती बहुधा दुसऱ्याच तऱ्हेने. सिडनीला २००० मध्ये इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी शंभर मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये उतरला. त्याच्या हीटमधले इतर दोघे चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झाले आणि तो एकटाच पोहला. त्याचा सराव हॉटेलच्या छोट्या तलावात झालेला, पन्नास मीटरचा तलाव त्याने सिडनीत पहिल्यांदाच पाहिला. एक मिनिट बावन्न सेकंद आणि वर थोडा वेळ घेऊन, शेवटी बुडतो की काय असे वाटत असताना, त्याने भिंत गाठली. त्याच ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या पीटर व्हान डेन होगेनबांडने त्या अंतराला अठ्ठेचाळीस सेकंद घेतले होते. लोक आधी हसले, मग उभे राहिले. मुसांबानी पुढे आपल्या देशाच्या संघाचा प्रशिक्षक झाला, हे मात्र हसणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. मला त्या टाळ्यांबद्दल तक्रार करायची नाही, त्या मनापासूनच्या होत्या. पण त्या टाळ्या एका प्रसंगाला मिळाल्या. ‘कोक’मध्ये मी ज्या टाळ्या ऐकल्या त्या पोहण्याला मिळत होत्या, आणि दोन्हींचा आवाज सारखा येत नाही.

यात आपण भारतीयांनी स्वतःला फार लांब समजू नये. जलतरणात भारताला आजवर एकही ऑलिंपिक पदक नाही. ऑलिंपिकच्या ‘ए’ पात्रता वेळेला, म्हणजे थेट प्रवेश देणाऱ्या वेळेला, शिवणारा पहिला भारतीय साजन प्रकाश, तो २०२१ मध्ये. त्याच्या मागोमाग श्रीहरी नटराज. ज्या देशाच्या खेळाडूला ती वेळ गाठता येत नाही त्याला एक पुरुष आणि एक स्त्री पाठवता यावी म्हणून सार्वत्रिकतेचा कोटा ठेवलेला आहे. टोकियोला माना पटेल याच कोट्यातून गेली, आणि २०२४ च्या पॅरिसला तर श्रीहरी व चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू दोघेही त्याच दाराने आत गेले. एकशे चाळीस कोटींचा देश आणि चौतीस हजारांचा सान मारिनो पोहण्याच्या तलावावर एकाच रांगेत उभे राहतात. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी बीजिंगला पोहून आला आणि २०१० मध्ये ग्वांगझू इथल्या आशियाई स्पर्धांत पन्नास मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक त्याने घेतले, ते खजान सिंग यांच्या १९८६ च्या रौप्यानंतर चोवीस वर्षांनी आलेले भारताचे पहिले आशियाई जलतरण पदक. त्या दिवशी मी ती बातमी तीनदा वाचली होती. आशियाई फायनलच्या संध्याकाळी आठ नावांत एक नाव आपल्याकडचे होते.

जलतरणपटूचे आयुष्य किती थोडे असते, हे २०२१ मध्ये जाणवले. त्या वर्षी अँडोरात भरायच्या स्पर्धा महासाथीमुळे रद्द झाल्या. २०१९ च्या माँटेनेग्रोनंतर एकदम २०२३ चे माल्टा आले, आणि अँडोराची पाळी २०२५ मध्ये. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, एक खेप हुकली तर काय बिघडले. पण लहान देशातल्या मुलीला फार तर तीन खेपा मिळतात, एक शाळेत असताना, एक कॉलेजात आणि एक नोकरी लागण्याच्या उंबरठ्यावर. त्यांतली मधली गेली तर पुष्कळदा तिसरीही जाते. २०२१ मध्ये कोणाकोणाच्या संध्याकाळी हुकल्या, त्यांची नावे कुठल्याही फलकावर लागली नाहीत.

माझ्या तिसऱ्या आणि शेवटच्या संध्याकाळी शर्यती संपल्यावर मी जिन्याने खाली उतरत होते, तेव्हा आठव्या लेनमधल्या त्या मुलीचा बाप भेटला. पहिल्या संध्याकाळी मी ज्या तऱ्हेने टाळ्या वाजवल्या त्यावरून त्याने मला लक्षात ठेवले असावे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, की त्या दिवशी फलकाचा फोटो काढायचा राहून गेला, हात थरथरत होते आणि फोटो निघेपर्यंत पुढच्या शर्यतीची नावे लागली. तो निकाल कागदावर कुठे मिळेल का? मला फ्रेंच येते, म्हणून आम्ही दोघे आतल्या मार्गिकेत गेलो. भिंतीवर निकालाचे कागद ओळीने चिकटवलेले होते आणि पांढऱ्या केसांच्या एक स्वयंसेवक बाई ते काढून एका खोक्यात टाकत होत्या. मी त्यांना सांगितले. त्यांनी खोक्यात हात घालून बरेच कागद उलटेपालटे केले आणि तो कागद काढला. एका कोपऱ्याला पाणी लागून शाई थोडी पसरली होती, आठवी ओळ मात्र स्वच्छ होती: लेन, नाव, जन्मवर्ष, देश, पन्नास मीटरची वेळ, शंभर मीटरची वेळ.

बाईंनी विचारले, घडी घालून देऊ का? मी भाषांतर करायच्या आतच तो नको नको म्हणाला. त्याने हातातली स्पर्धेची पुस्तिका उघडली, कागद तिच्या मधोमध सपाट ठेवला, बाहेर आलेली कड बोटाने सारखी करून आत घेतली आणि पुस्तिका दोन्ही हातांनी छातीशी धरून तो बसकडे चालू लागला. बसच्या दाराशी मुलगी उभी होती, ओले केस, खांद्यावर पिशवी. बापाच्या हातात काय आहे ते तिने विचारले असावे, कारण तो थांबला आणि दिव्याखाली जाऊन त्याने पुस्तिका पुन्हा उघडली.